जागं होताना वेळ विचारणारं यंत्र

माणूस सकाळी जागा झाला की डोळे चोळत आधी घड्याळाकडे बघतो. संगणकाचंही तसंच आहे. फरक एवढाच, की आपल्याला खिडकीतून ऊन दिसतं, दूधवाल्याची हाक ऐकू येते. संगणकाला यातलं काहीच कळत नाही. आपण बंद असताना किती काळ गेला, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. ते कुणी सांगायचं, आणि सांगणाऱ्यावर विश्वास किती ठेवायचा, या प्रश्नाची उत्तरं गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत बदलत गेली. आज त्यांचीच हकिकत सांगतो.

१९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला तेव्हा उत्तर सोपं होतं : माणसालाच विचारा. यंत्र सुरू केलं की ते तारीख आणि वेळ भरायला सांगे. घाईत कुणी नुसतंच एंटर दाबलं, तर यंत्राच्या लेखी तो दिवस १ जानेवारी १९८० ठरे. १९८४ च्या पीसी-एटीमध्ये मग बॅटरीवर चालणारं छोटं घड्याळच बसवलं गेलं. आजही बहुतेक संगणकांच्या आत नाण्यासारखा चपटा सेल असतो, तो यासाठीच.

पण हे घड्याळ साध्या मनगटी घड्याळाइतकंच भरवशाचं. रोज थोडं पुढं-मागं होणारच. यंत्र एकटं असेल तर त्यानं फारसं बिघडत नाही. यंत्रं एकमेकांशी बोलू लागली की मात्र घोटाळा होतो. पत्र पाठवण्याआधीच ते पोचल्याची नोंद दिसू लागते!

हा घोटाळा निस्तरला अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी. लहानपणापासून त्यांची दृष्टी अधू होती. पुढे ते डेलावेअर विद्यापीठात प्राध्यापक झाले. १९८५ साली त्यांनी नेटवर्कवरून वेळ जुळवण्याची रीत लिहून प्रसिद्ध केली. तीच ‘एनटीपी’. आपला संगणक दुसऱ्याला वेळ विचारतो. प्रश्न कधी निघाला, तिकडे कधी पोचला, उत्तर कधी निघालं आणि इकडे कधी आलं, अशा चार वेळा टिपल्या जातात. त्यावरून वाटेतला वेळ वजा करून दोन घड्याळांतला फरक काढता येतो. शिवाय एकाच्याच सांगण्यावर विसंबायचं नाही. चार जणांना विचारायचं आणि ज्याचं उत्तर इतरांशी जुळत नाही त्याला बाजूला काढायचं. अगदी आपल्या पंचांसारखं.

फरक लहान असेल तर हा प्रोग्रॅम काटा हळूहळू सरकवतो. सेकंदामागे जास्तीत जास्त अर्धा मिलिसेकंद. पण फरक हजार सेकंदांहून, म्हणजे पावणेसतरा मिनिटांच्या आसपास, जास्त निघाला तर तो हात जोडतो आणि चक्क बंद पडतो. एवढी तफावत म्हणजे कुठंतरी मोठी गडबड आहे, ती माणसानंच पाहावी, असा त्यामागचा विचार. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ ठरल्यावरही मुंबईनं दीर्घकाळ आपली वेगळी वेळ राखली होती, ३९ मिनिटं मागे. मिल्स यांच्या प्रोग्रॅमनं त्या मुंबईपुढं नक्कीच हात टेकले असते.

संगणक सांभाळण्याच्या कामात हे दुखणं मी पुष्कळदा पाहिलं. एका पतसंस्थेत वीज गेली आणि परत आली की मुख्य संगणकावरची वेळेची सेवा बंद पडलेली असायची. आज भरलेल्या पावतीवर कित्येक वर्षांपूर्वीची तारीख! ठेवीची मुदत आणि कर्जाचं व्याज तारखेवरच चालतं. खातेदार खिडकीशी वाद घालणार नाही तर काय?

अशा वेळी मी एकच परीक्षा करत असे. संगणक पूर्ण सुरू झाल्यावर ती सेवा हातानं चालू करायची. तरीही ती पडली, तर दोष बहुधा अंतराचा. सेल संपलेला असतो, घड्याळ जुन्या तारखेवर गेलेलं असतं आणि हजार सेकंदांची मर्यादा आडवी येते. सेल बदलायचा आणि सुरुवातीला एकदाच मोठी उडी घ्यायला परवानगी द्यायची. तशी सोय मिल्स यांच्या प्रोग्रॅममध्ये आहे. हातानं ती सुरळीत चालली, तर दोष क्रमाचा. वीज आल्यावर संगणक आधी जागा झाला, राउटर मागाहून. वेळ विचारली तेव्हा पलीकडे कुणीच नव्हतं.

त्या पतसंस्थेत दोष क्रमाचाही होता आणि सेलचाही. एक दुरुस्त केला की दुसरा पुढं येई, म्हणून निदान लांबलं.

क्रमाचा हा दोष पुढं जास्त दिसू लागला. पूर्वी लिनक्समध्ये सेवा हजेरीपटासारख्या एकामागून एक सुरू होत. २०१० साली आलेल्या ‘सिस्टमडी’नं अनेक सेवा एकदम सुरू करायला घेतल्या. यंत्र लवकर जागं होऊ लागलं, पण नेटवर्कचं कार्ड चालू होणं वेगळं आणि नेटवर्क प्रत्यक्ष हाताशी येणं वेगळं, हे स्पष्ट सांगून ठेवावं लागलं.

२०१२ च्या स्वस्त ‘रास्पबेरी पाय’मध्ये तर बॅटरीचं घड्याळच नव्हतं. युनिक्सची कालगणना १ जानेवारी १९७० पासून सुरू होते. अशा यंत्राला सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र दाखवलं, तर त्याला ते अजून लागूच झालेलं नाही असं वाटतं. वेळ सुरक्षितपणे विचारायची तर आधी वेळ बरोबर हवी! पेटीची किल्ली पेटीतच राहावी, तशी गत. यावर साधा तोडगा निघाला : शेवटची ठाऊक असलेली वेळ फाइलमध्ये लिहून ठेवायची आणि उठल्यावर निदान तिच्या मागं जायचं नाही. सिस्टमडीच्या २०१४ मधल्या वेळसेवेत हीच युक्ती आहे.

आपल्याकडे २८ एप्रिल २०२२ रोजी ‘सर्ट-इन’नं आदेश काढून संस्थांना आपली घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला सांगितलं. चोर आधी कुठल्या यंत्रात शिरला आणि मग कुठल्या, हे नोंदींच्या वेळेवरूनच कळतं. ती वेळ खोटी असेल तर तपासाचा धागाच तुटतो.

मिल्स १७ जानेवारी २०२४ रोजी गेले. त्यांचा प्रोग्रॅम अडून बसला की लोक वैतागतात. पण खोटी तारीख निमूटपणे छापण्यापेक्षा ते अडून बसणं बरं. पतसंस्थेच्या खिडकीशी उभ्या असलेल्या खातेदाराला विचारलं, तर तोही हेच सांगेल.