दलवाईंमागे सय्यदभाई

हमीद दलवाई ३ मे १९७७ रोजी गेले, अवघे ४४ वर्षांचे. विधी नकोत, दहन करा, ही त्यांची इच्छा. जनाजाच नाही, तर खांदा द्यायचा कसा? आमच्या नेरमध्ये अनेकांना हे पचत नाही. मलाही जड जाते. पुण्याच्या सय्यदभाईंनी मात्र वेगळाच खांदा दिला. बहिणीचा तोंडी तलाक पाहिलेला हा माणूस दलवाईंना मार्गदर्शक मानी. १९७० साली स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाचे काम त्यांनी मित्रामागे सोडले नाही. आत्मकथनाला नाव दिले 'दगडावरची पेरणी'. काळ्या मातीत पेरणाऱ्या आम्हा वऱ्हाडी माणसांना त्या नावातला घाम कळतो. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका दमातला तिहेरी तलाक रद्द ठरवला; तो निकाल ऐकायला सय्यदभाई होते. २०२२ साली तेही गेले.