टोकियोचे डबे, जकार्ताचे रूळ

थोरल्या भावाचा अंगरखा धाकट्यास येतो, तो दोघांची अंगलट एक असली तरच. टोकियोत निवृत्त झालेल्या लोकल गाड्यांना जकार्तात जो दुसरा जन्म लाभला, त्याचे मूळही अशाच एका मापात आहे. जावा बेटावरील पहिला लोहमार्ग १८६७ सालचा. तो अधिक रुंद होता. पण बटाव्हिया ते बाउटेनझॉर्ग, म्हणजे आजचे जकार्ता ते बोगोर, हा मार्ग १८७३ मध्ये पुरा झाला तो साडेतीन फुटी. एक वर्ष आधी जपानची पहिली आगगाडी शिंबाशीहून योकोहामास गेली, तीही साडेतीन फुटी रुळांवरूनच. दोन्हीकडे ही निवड झाली ती मुख्यत्वे खर्चाकडे पाहून.

पुढे १९२५ च्या एप्रिलात बटाव्हियात १५०० व्होल्टच्या एकदिश विजेवर गाड्या धावू लागल्या. त्याच दाबाच्या विजेवर बोरीबंदर ते कुर्ला ही गाडी दोनच महिन्यांपूर्वी सुरू झाली होती; परंतु मुंबईचे रूळ साडेपाच फुटी, तेव्हा या देवघेवीत मुंबईला वाटा मिळणे शक्य नव्हते. टोकियोच्या बहुतेक उपनगरी मार्गांनी मात्र वीजही तीच पत्करली.

इ. स. २००० मध्ये टोकियो महानगर शासनाने आपल्या मिता भुयारी मार्गावरील ७२ डबे इंडोनेशियास देऊ केले. ते थेट रुळांवर चढले खरे, पण फलाट इतके सखल की दारांखाली पायऱ्या जोडाव्या लागल्या. दगडफेकीच्या भयाने चालकापुढील काचेवर जाळ्या आल्या. त्या काळी जकार्तात माणसे डब्यांच्या टपावर बसून कामावर जात आणि विजेच्या तारांनी प्राणास मुकत. त्यांना खाली उतरविण्यासाठी २०१२ च्या जानेवारीत रुळांवर सिमेंटचे गोळे टांगण्यात आले! ज्याला आत जागाच नाही त्याला टपावरून हाकलण्याचा हा मार्ग, दुसरे काय म्हणावे?

खरा इलाज होता अधिक डब्यांचा. २०१३ मध्ये साइक्यो मार्गावरील २०५ जातीचे १८० डबे विकत घेतले गेले, आणि २०२० पर्यंत या एका जातीचे ८१२ डबे जपानमधून आले. त्यांची अंगे गंज न धरणाऱ्या पोलादाची. जावाच्या पावसाळी हवेत हा गुण मोलाचा. त्याच २०१३ साली वाताहत झालेल्या साध्या, स्वस्त गाड्या बंद झाल्या. प्रवास थंड व सुरक्षित झाला. मात्र अगदी हातावर पोट असणाऱ्याला स्वस्त तिकीट गमावल्याची खंत वाटली असल्यास त्यात नवल नाही.

२०२३ मध्ये आणखी जुने डबे आणण्यास सरकारने नकार दिला. मादियुन येथील स्वदेशी कारखान्याला काम मिळावे, ही त्यामागील भूमिका रास्तच होती. तथापि कारखान्याचे डबे तयार होईपर्यंत प्रवासी थांबणार कोठे? म्हणून २०२५ मध्ये जकार्ताच्या मार्गांवर कोऱ्या गाड्या आल्या त्या चीनमधून, आणि त्यांच्या शेजारच्या फलाटांवर टोकियोचे जुने डबे गर्दी वाहतच राहिले.