कळफलक नावाचा पाहुणा

इतिहास म्हटला की आपल्या मराठी माणसाला घोड्यांच्या टापा ऐकू येतात. किल्ला, तह, तलवार आणि फितुरी यांपैकी एक तरी गोष्ट असल्याशिवाय तो इतिहास आहे असे आपण मानतच नाही. त्यामुळे मी घरात जेव्हा जाहीर केले की, मी मोबाइलच्या पडद्यावर उगवणाऱ्या आणि मावळणाऱ्या कळफलकाचा इतिहास लिहितो आहे, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी "जेवून लिहिणार की लिहून जेवणार?" एवढेच विचारले. इतिहासकारांची घरी ही अशी कदर होते.

मी कॉमर्सचा पदवीधर. इतिहासाशी माझा संबंध दहावीच्या पेपराबरोबर संपला. पण वीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलो आहे आणि काउंटरच्या काचेतून जेवढा इतिहास दिसतो तेवढा गडावरूनही दिसत नसेल. पूर्वी लोक काचेखालून स्लिपा सरकवत. आता मोबाइल सरकवतात आणि म्हणतात, "साहेब, हे बघा हो, हा कीबोर्ड जातच नाही!" किंवा "हा येतच नाही!" जगातली निम्मी दुःखे पाहुणा जात नाही म्हणून असतात आणि उरलेली निम्मी तो येत नाही म्हणून. कळफलकाचेही तेच.

आता मुळापासून सुरुवात करू. अमेरिकेत मिलवॉकी नावाच्या गावी शोल्स आणि त्याच्या दोन साथीदारांनी १८६८ साली टाइपरायटरचे पेटंट घेतले. १८७४ साली ते यंत्र रेमिंग्टन कंपनीने बाजारात आणले. ही कंपनी बंदुका बनवी आणि शिवणयंत्रेही. त्यामुळे पहिल्या टाइपरायटरवर फुलाफुलांची नक्षी होती, आणि काही यंत्रांत तर ओळ संपली की पायाने पायटा मारावा लागे. पत्र लिहितो आहोत की परकर शिवतो आहोत, असा प्रश्न त्या काळच्या कारकुनाला पडला असेल तर नवल नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. या यंत्रात अक्षराचे दांडे खालून येऊन कागदाच्या पोटावर आपटत. म्हणजे आपण काय लिहिले ते लिहिणाऱ्याला दिसतच नसे! चार-पाच ओळी पुढे गेल्यावर, किंवा वरचा भाग हाताने उचलून वाकून पाहिल्यावर, मग कळायचे की 'प्रिय' च्या जागी भलतेच काही पडले आहे. १८९० च्या दशकात अंडरवुडसारखी समोरून ठोके मारणारी यंत्रे आली, तेव्हा कुठे माणसाला आपले अक्षर उमटताना दिसू लागले. वाचकहो, ही गोष्ट कृपा करून लक्षात ठेवा. हात लिहितो ते डोळ्याला दिसले पाहिजे, एवढे साधे कलम मंजूर करून घ्यायला माणसाला वीसेक वर्षे लागली.

त्यानंतर जी शांतता नांदली ती नांदली. आपल्याकडे गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर काढला आणि गावोगावच्या टायपिंगच्या क्लासांतून 'एएसडीएफ' चा जप सुरू झाला. मीही त्या जपातला एक भाविक. मिनिटाला तीस शब्द, मग चाळीस. आमचे सर खाली बघू देत नसत. "बोटं खाली, नजर कागदावर," म्हणायचे. पण त्या यंत्रात एक मोठा गुण होता. कळा एका जागी ठोकून बसवलेल्या. टाइपरायटरचा कळफलक कधी रुसून आत गेला आणि त्याला परत बोलवावे लागले, असे ऐकिवात नाही. अक्षरही नेहमी एकाच ठिकाणी पडे, सरकायचा तो कागद. 'आता अक्षर कुठे उमटणार?' हा प्रश्नच नव्हता.

हा प्रश्न आणला संगणकाने. पडद्यावर शंभर जागा, अक्षर पडणार कुठे? म्हणून ती लुकलुकणारी काडी आली. स्पेरी रँड कंपनीतल्या चार्ल्स किसलिंग या इंजिनिअरने १९६७ साली तिच्या पेटंटसाठी अर्ज केला. 'मी इथे आहे, इथे आहे' असे ती बिचारी तेव्हापासून डोळे मिचकावून सांगते आहे. आणि ज्या रकान्यात ती लुकलुकते, त्या रकान्यावर 'फोकस' आहे असे संगणकवाले म्हणतात.

फोकस हा मूळचा लॅटिन शब्द, आणि त्याचा अर्थ चूल! केप्लर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १६०४ साली, किरण जिथे एकवटतात त्या बिंदूला हे नाव दिले. हे वाचल्यापासून मला सगळा विषय एकदम घरगुती वाटू लागला. पडद्यावर दहा रकाने असोत, चूल एका वेळी एकाच रकान्यात पेटते. एका घरात दोन चुली झाल्या की काय होते हे आपल्याला सांगायला नको.

साध्या संगणकावर चूल पडद्यावर आणि कळफलक टेबलावर, दोघांचा संसार वेगळा. मोबाइलमध्ये जागेची टंचाई. त्यामुळे सुरुवातीच्या फोनवाल्यांनी खाली कळांसाठी कायमची जागा राखून ठेवली. पडद्यावर कळफलक काढायची युक्ती तशी जुनी. १९९४ सालच्या आयबीएमच्या 'सायमन' फोनमध्येही ती होती. पण ती गाजवली स्टीव्ह जॉब्ज यांनी. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभेत त्यांनी इतरांच्या फोनांवर टीका केली ती हीच, की गरज असो वा नसो, या कळा आपल्या तिथेच बसलेल्या! त्यांच्या फोनमध्ये कळफलक काम असेल तेव्हा येणार आणि काम झाले की जाणार. थोडक्यात, घरजावई काढून टाकून त्यांनी पाहुणा आणला.

हा पाहुणा घडवताना किती घाम गाळला, ते केन कोसिएंडा या अ‍ॅपलच्या प्रोग्रामरने २०१८ साली पुस्तकात लिहून ठेवले आहे. २००५ साली काचेवर नीट टाइप होईना, तेव्हा सगळ्या प्रोग्रामरांना हातातले काम ठेवून कळफलकावर बसवले गेले. जो तो आपापला कळफलक घेऊन आला आणि कोसिएंडांचा पसंत पडला. त्यात एकेका मोठ्या कळीवर दोन-तीन अक्षरे होती आणि शब्द कोणता ते फोनने ओळखायचे होते. पुढे एका कळीवर एक अक्षर असा जुना शोल्सचाच पंचा नेसवून तो जगापुढे आला.

दुसरीकडे अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ च्या ऑक्टोबरात आला तो खऱ्या कळा घेऊनच. पडदा सरकवला की खालून खण निघावा तशा कळा निघत. पडद्यावरचा कळफलक तिथे एप्रिल २००९ मध्ये आला, आणि मग सगळ्या जगात एकच नियम झाला: रकान्यात चूल पेटली की पाहुणा जेवायला हजर!

पण पाहुणा बसणार कुठे? मोबाइलच्या खालच्या अर्ध्या भागात. आणि तिथे आधी जे बसले होते त्यांचे काय? आमचे बालपण चाळीत दोन खोल्यांत गेले, त्यामुळे मला हे चटकन कळते. मामा आले की दोनच मार्ग. एक तर सगळ्यांनी अंग चोरून उरलेल्या जागेत बसायचे, नाही तर सगळे बिऱ्हाड तसेच्या तसे वर सरकवून निम्मी मंडळी गॅलरीत. अँड्रॉइडवाल्यांनीही प्रोग्रामरला नेमके हेच दोन पर्याय दिले. ज्याने यांपैकी एकाचीही नीट व्यवस्था केली नाही, त्याच्या अ‍ॅपमध्ये मामा सरळ 'पुढे जा' या बटनाच्या अंगावर बसतात.

बरे, मामांना घालवायचे कसे? तिथे अ‍ॅपचे काही चालत नाही. कळफलक हा मुळी अ‍ॅपचा नसतोच. तो वेगळाच प्रोग्राम असतो, आपण निवडलेला. अ‍ॅपने नुसती विनंती करायची. अँड्रॉइडमध्ये तर 'कळफलक मिटा' असा अर्ज करताना आपण कोणत्या खिडकीतून बोलतो त्याचे टोकन जोडावे लागते. पितळी टोकन हातात धरून कॅशियरच्या हाकेची वाट पाहिलेल्या पिढीला हे निराळे समजवावे लागणार नाही. टोकन नाही तर पैसे नाहीत! आणि यात चूक काही नाही. पाठीमागे दडलेल्या कुठल्याही अ‍ॅपने तुमचा कळफलक वाटेल तेव्हा ओढून काढला तर कसे चालेल?

आयफोनची तऱ्हा आणखी सुरस. ज्या रकान्यात चूल आहे त्याला तिथे 'पहिला उत्तर देणारा' असे पद आहे. हे पद जॉब्ज यांच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकांपासून चालत आले आहे. कळफलक घालवायचा तर त्या रकान्याला चक्क राजीनामा द्यायला सांगतात. 'रिझाइन' हाच शब्द! आणि रकाना राजीनाम्याला नकारही देऊ शकतो. तेव्हा पद सोडायला कुरकूर करणे हा केवळ आपल्याकडचा गुण आहे, हा माझा गैरसमज दूर झाला.

आणि आता या इतिहासातले सर्वांत अजब पान. अँड्रॉइडवर कळफलक या क्षणी पडद्यावर आहे की नाही, हे अ‍ॅपला सरळ विचारायची सोयच नव्हती. २००९ पासून वर्षानुवर्षे प्रोग्रामर मंडळी काय करीत, तर आपल्या खिडकीची उंची मोजत. उंची एकदम बरीच कमी झाली ना? मग आला असणार! हे म्हणजे दारातल्या चपला मोजून सासरे आले आहेत की नाही ते ठरवण्यासारखे. 'आहे का?' या प्रश्नाला सरळ 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर मिळू लागले ते २०२० साली, अकराव्या आवृत्तीत. आमच्या सरकारी खात्याची थट्टा करणाऱ्यांनी हा आकडा वहीत लिहून ठेवावा.

तुम्ही म्हणाल, असेना का. कळफलक आला काय, गेला काय, एवढे रामायण कशाला? त्यावर एक प्रसंग सांगतो.

आमच्या शाखेत एक पेन्शनवाल्या आजी येतात. परदेशातल्या मुलाने त्यांना आयफोन पाठवला आहे. एकदा त्यांना धाकट्या बहिणीला दोन हजार रुपये पाठवायचे होते. अ‍ॅप कुठल्या बँकेचे ते विचारू नका. आजींनी नाव निवडले, रकमेच्या रकान्यात बोट लावले, आकड्यांचा कळफलक वर आला, २००० लिहिले. झाले. आता 'पुढे' चे बटन कळफलकाखाली गाडलेले! आयफोनच्या या आकड्यांच्या कळफलकावर 'झाले' म्हणायची कळच नसते. ती सोय अ‍ॅपने करायची असते. पडदा ओढला की कळफलक मिटावा अशीही सोय २०१३ पासून आहे, पण तीही प्रोग्रामरने मागितली तर. इथे त्याने काहीच मागितले नव्हते. आजींनी दहा ठिकाणी बोट लावून पाहिले, अ‍ॅप बंद करून उघडले, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी फोन काचेखालून सरकवला आणि मोठ्याने म्हणाल्या, "अरे बाळा, तूच कर. माझा पिन आहे..." आणि सांगितला की हो!

"आजी, पिन सांगू नका कुणाला!" मी ओरडलो. रांगेतल्या दहा-बारा सज्जनांनी ताबडतोब भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिले. म्हणजे सर्वांनी नीट ऐकला होता.

मी शेजारच्या 'टिपण' च्या रकान्यात बोट लावायला सांगितले. तिथे अक्षरांचा कळफलक आला, त्यावर 'झाले' ची कळ होती, ती दाबल्यावर मामा उठले आणि खालून 'पुढे' चे बटन हसत बाहेर आले. पैसे गेले. पिनही तिथल्या तिथे बदलून घेतला. पण आजींचा चेहरा काही हसला नाही. म्हणाल्या, "कपाटाच्या किल्ल्या कुठे असतात ते मी ह्यांनासुद्धा चाळीस वर्षांत सांगितलं नाही रे. आणि आज गावासमोर बोलले."

त्या क्षणी मला हा सगळा इतिहास कशासाठी आहे ते कळले. स्वतःचे पैसे स्वतःच्या बोटाने, कुणाला न विचारता, न सांगता पाठवता येणे याला स्वातंत्र्य म्हणतात. कळफलकाखाली एक बटन झाकले जाते तेव्हा ते स्वातंत्र्य झाकले जाते. नातवाला हाक मारावी लागते, कारकुनाला फोन द्यावा लागतो, आणि गुपित चारचौघांत सांगावे लागते. ज्यांचे डोळे तरुण आणि बोटे चपळ ती मंडळी कशीही वाट काढतात. अडतात ते आजींसारखे. आणि त्यांना वाटते की आपल्यालाच जमत नाही. १८७४ च्या कारकुनालाही आपले अक्षर दिसत नव्हते, तेव्हा तो स्वतःच वाकून पाहत बसला.

हे सुधारणे अवघडही नाही. आपल्या घरचे पाहुण्यांचे नियम लावले तरी पुरे. बोलावल्यावर यावे. माणसाने रकान्याला हात लावायच्या आत अंगणात उडी मारू नये. आकडे हवेत तिथे आकडेच घेऊन यावे. जे लिहिले जाते आहे त्यावर आणि बाहेर जायच्या दारावर बसू नये. आणि 'झाले' म्हटल्यावर उठावे. चांगली अ‍ॅप्स हे सगळे करतात, म्हणून तर ती आपल्या लक्षात राहत नाहीत. मात्र इतिहास संपला असे समजू नका. २०२४ साली आलेल्या अँड्रॉइडच्या पंधराव्या आवृत्तीने असे ठरवले की, तिच्यासाठी बनवलेल्या अ‍ॅपने पडद्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरायचे आणि कळफलकासाठी जागा आपली आपण सोडायची. म्हणजे घर मोठे झाले, पण मामांची गादी कुठे घालायची तो हिशेब पुन्हा नव्याने.

तोवर काउंटरवर मी येईल त्याला एवढेच सांगतो: अँड्रॉइड असेल तर कळफलक उघडा असताना खाली कोपऱ्यात एक बाण येतो, खाली तोंड केलेला. तो दाबा. आयफोन असेल तर अक्षरांचा रकाना शोधा. आणि काही झाले तरी पिन सांगू नका, मलासुद्धा नाही. आजी आता तसे सांगत नाहीत. पैसे पाठवताना त्या काउंटरकडे पाठ करून उभ्या राहतात, आणि अडलेच तर मान वळवून नुसते "बाळा, टिपण ना?" एवढेच विचारतात.