तेरेंगानूचा दर्या आणि मलय किनारा

मलय द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरचे तेरेंगानू हे मलेशियाचे राज्य दक्षिण चिनी समुद्राला थेट सामोरे आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात ईशान्य मोसमी वारा इथे मुसळधार पाऊस आणतो, समुद्र खवळतो आणि छोट्या होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागतात. कोकणात जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद असतो. तेरेंगानूत तोच प्रकार, फक्त महिने उलटे. आज पर्यटक या किनाऱ्याच्या निळ्या पाण्यासाठी आणि मलय संस्कृतीसाठी येतात. माहितीपत्रकांत या दोन गोष्टी दोन वेगळ्या रकान्यांत असतात. प्रत्यक्षात दोन्ही एकाच दर्यावर वाढल्या.

या भूमीची नोंद जुनी आहे. 1887 साली क्वाला बेरांगजवळ, नदीकाठी एक कोरीव शिळा सापडली. तिच्यावरचा मलय मजकूर जावी, म्हणजे अरबीवरून घडवलेल्या लिपीत आहे. शिळेचा एक भाग तुटल्याने तिच्या काळाविषयी मतभेद आहेत, पण 702 हिजरी म्हणजे 1303 हे वर्ष सर्वसाधारणपणे मानले जाते. मजकूर इस्लामी कायद्याचा आहे. तरी त्यात ईश्वराला ‘देवता मुलिया राया’ म्हटले आहे. धर्म बदलला, पण संस्कृत शब्दांची जुनी सवय लगेच सुटली नाही.

सतराव्या-अठराव्या शतकांत नदीच्या मुखावरचे क्वाला तेरेंगानू मिरीच्या व्यापारामुळे नावारूपाला आले. 1720च्या सुमारास इथे आलेला स्कॉटिश कप्तान अलेक्झांडर हॅमिल्टन हजारेक घरांच्या गावाचे वर्णन करतो आणि त्यांतली निम्मी वस्ती चिनी असल्याचे सांगतो. नदीकाठचा चिनी मोहल्ला अजून आहे. 1838 मध्ये सिंगापूरहून केलांतानला निघालेला मलय लेखक मुन्शी अब्दुल्ला वाटेत इथे उतरला. त्याच्या प्रवासवर्णनात अरुंद वाकडे रस्ते, अस्वच्छता आणि हत्यारे मिरवत रिकामे फिरणारे पुरुष आहेत. बाजार मात्र बायका चालवत होत्या. अब्दुल्लाचा इंग्रजी राज्यावर फार विश्वास होता आणि तो त्याच चष्म्यातून पाहत होता, म्हणून त्याची सगळी तक्रार जशीच्या तशी घ्यायचे कारण नाही. पण बाजारातल्या बायकांचे निरीक्षण खरे आहे. या किनाऱ्यावर मासा पुरुष आणतात आणि विकतात बायका, हे शंभर वर्षांनंतरही तसेच होते. 1939-40 मध्ये शेजारच्या केलांतानात राहून कोळ्यांच्या अर्थव्यवहाराचा अभ्यास करणारे मानववंशशास्त्रज्ञ रेमंड फर्थ आणि रोझमेरी फर्थ यांनी त्याचे तपशील नोंदवले आहेत. मोठ्या जाळ्याच्या होड्यांचा प्रमुख ‘जुरुसेलाम’ होडीला धरून पाण्यात उतरे, डोके बुडवून माशांचा आवाज ऐके आणि मग जाळे टाकायचे की नाही ते ठरे. मासे जमावेत म्हणून नारळाच्या झावळ्या दोराला बांधून समुद्रात नांगरून ठेवल्या जात.

या साऱ्या व्यवहाराचा पाया होडी. तेरेंगानू नदीच्या मुखातले दुयोंग बेट तिचे माहेरघर. इथले कारागीर कागदावर आराखडा काढत नसत. आधी कणा, मग बाहेरच्या फळ्या एकावर एक चढवत, आणि आतल्या फासळ्या सर्वांत शेवटी. युरोपीय पद्धतीत सांगाडा आधी उभा राहतो. इथे कवच आधी तयार होते. लाकूड चेंगालचे, जड आणि किडीला दाद न देणारे. फळ्या विस्तवावर तापवून वाकवायच्या आणि कडेला कड लावून लाकडी खुंट्यांनी जोडायच्या. दोन फळ्यांमध्ये गेलाम झाडाच्या कागदासारख्या सालीचा थर द्यायचा. पाणी लागले की ती फुगते आणि सांधा घट्ट बसतो. घडवताना वक्र बरोबर आला की नाही, हे डोळाच सांगे.

व्यापारी गलबतांचे दोन मुख्य प्रकार, बेदार आणि पिनास. पिनासची घडण पाश्चात्त्य जहाजांवरून आली असे मानतात. शिडे मात्र चिनी जंकसारखी, आडव्या काठ्या लावलेली. चिनी शीड, युरोपीय ढब आणि मलय सुतारकाम एकाच गलबतात नांदले. मासेमारीच्या पायांग होडीवर ‘बांगाऊ’ नावाचा कोरीव, रंगीत आधार असे. शीड उतरवल्यावर डोलकाठी त्यावर टेकवत, आणि त्याच्या आकारात वायांग बाहुल्यांची, म्हणजे इस्लामपूर्व कथांतल्या पात्रांची छाया दिसते. यंत्र आणि रस्ते आल्यावर शिडाच्या व्यापारी गलबतांचे दिवस सरले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात परदेशी नौकाप्रेमींनी दुयोंगहून नौका बांधून घ्यायला सुरुवात केली आणि काही कारखाने तगले. ज्याला आपण परंपरेचे जतन म्हणतो, त्यातला बराच भाग अशा फिरत्या गिऱ्हाइकांनी पोसलेला असतो.

1909च्या बँकॉक करारानंतर सयामने (आजच्या थायलंडने) तेरेंगानूवरील आपला हक्क ब्रिटिशांकडे सोपवला. तरीही पश्चिम किनाऱ्यासारखे कथिल-रबराचे भांडवल इथे फार आले नाही, आणि हे राज्य उशिरापर्यंत आडबाजूला राहिले. पर्यटन जोमाने वाढले ते 1970च्या दशकानंतर. 1980च्या सुमारास पूर्ण झालेले तांजोंग जारा बीच हॉटेल आणि रांताऊ आबांग पर्यटक केंद्र जुन्या मलय राजवाड्यांच्या लाकडी धाटणीवर बांधले गेले. 1983 मध्ये त्यांना आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला.

रांताऊ आबांगला लोक येत लेदरबॅक या महाकाय कासवाच्या माद्या पाहायला. 1950च्या दशकात इथे वर्षाला सुमारे 10,000 घरटी होत. अंडी गोळा करण्याचा मक्ता दिला जाई आणि बहुतेक अंडी बाजारात जात. ही कासवे वयात यायला अनेक वर्षे घेतात, त्यामुळे नुकसान दिसायलाही तितकाच वेळ लागला. खोल समुद्रातल्या जाळ्यांनीही आपला वाटा उचलला. गर्दी, विजेऱ्या आणि कासवाच्या पाठीवर बसण्याची हौस यांतून पर्यटकांनी फक्त भर घातली, पण ती घातलीच. 1961 पासून अंडी उबवण्याचे केंद्र होते. तिथल्या उष्ण वाळूत जवळजवळ सगळी पिल्ले मादीच निपजली, हे फार उशिरा कळले. एकविसाव्या शतकात घरटी बोटांवर मोजण्याइतकी उरली.

याच पाण्यातले बिडोंग बेट 1978 ते 1991 व्हिएतनामी निर्वासितांची छावणी होते. 1979 च्या मध्यावर त्या छोट्याशा बेटावर 40,000 च्या आसपास माणसे होती. तिथून निघालेले अनेक जण पुढे परदेशी नागरिक म्हणून छावणीच्या खुणा पाहायला परत आले.

रेडांग बेटाभोवती 1983 मध्ये मासेमारीवर बंदी आली. 1994 मध्ये रेडांग, पेर्हेंतियान आणि इतर बेटांभोवतीचे दोन सागरी मैलांचे पाणी सागरी उद्यान झाले. पूर्वी याच खडकांजवळ जाळी टाकणारे अनेक जण आता पर्यटकांना प्रवाळ दाखवायला नेतात. 2005 मध्ये दुयोंगला भर पावसाळ्यात ‘मान्सून कप’ ही शिडांच्या नौकांची आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू करून बंद दर्याचाही बाजार मांडण्याचा प्रयत्न झाला. काही वर्षांनी ती दुसऱ्या राज्यात गेली. आणि कासवांचे म्हणाल तर, त्यांच्या सर्व जातींच्या अंड्यांच्या व्यापारावर तेरेंगानूत 2022 पासून संपूर्ण बंदी आहे.