सार्वजनिक उद्यानांतील झाडे आणि रहिवाशांचे मत : नवी दिल्लीपासून एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

दिल्लीचे नवे महाराष्ट्र सदन कस्तुरबा गांधी मार्गावर आहे. या रस्त्याच्या एका टोकाला कॅनॉट प्लेस आणि दुसऱ्या टोकाला इंडिया गेट व त्याभोवतीची विस्तीर्ण हिरवळ आहे. पूर्वी हा कर्झन रोड होता. नाव बदलले, तरी परिसराची मूळ आखणी बरीचशी तीच राहिली. या परिसरात कोणती झाडे लावायची हे कोणी ठरवले? त्या झाडांखाली वावरणाऱ्यांना कोणी विचारले का? या पाठात आपण या प्रश्नांचा इतिहास पाहू.

१. राजधानीची झाडे

१२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला हलवण्याची घोषणा झाली. रायसीना, मालचा अशा गावांच्या जमिनी १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारकडे गेल्या. शहराची आखणी एडविन लट्यन्स यांनी केली. झाडांची जबाबदारी इंग्लंडमधील क्यू येथील वनस्पती उद्यानात तयार झालेल्या डब्ल्यू. आर. मस्टो यांच्याकडे होती. रस्त्यांसाठी जांभूळ, कडुनिंब, अर्जुन, चिंच अशा मोजक्या जाती निवडल्या गेल्या. रस्त्याच्या रुंदीला साजेशी उंची हवी, झाड फार काळ निष्पर्ण राहू नये, भव्य इमारतींकडे जाणारी नजर अडू नये, असे निकष होते. त्यांत लोकांच्या मताला जागा नव्हती. जुने रहिवासी उठवले गेले होते आणि नवे अजून यायचे होते.

पुढे मात्र याच झाडांशी लोकांनी आपले नाते जोडले. इंडिया गेटजवळची हिरवळ दिल्लीकरांची संध्याकाळी बसण्याची जागा झाली. पावसाळ्याच्या तोंडावर जांभळे गोळा करून विकणाऱ्यांना हंगामी रोजगार मिळू लागला. म्हणजे ज्यांना विचारले नव्हते, त्यांचाच या झाडांशी सर्वांत जवळचा संबंध आला.

२. आज्ञापत्रातील संमती

राज्यकर्त्यांनी झाडांबाबत लोकांना विचारावे, ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी प्रसिद्ध सूचना आहे. आंबा, फणस यांचे लाकूड उपयोगाचे असले तरी ती झाडे तोडू देऊ नयेत, कारण रयतेने ती पोटच्या लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन मगच तोडावे, असा तिचा आशय आहे.

येथे एक फरक ध्यानात घ्या. आज्ञापत्रातल्या झाडाला धनी आहे, म्हणून कोणाला विचारायचे हे स्पष्ट आहे. सार्वजनिक उद्यानातल्या झाडाचा धनी कोण? नगरपालिका, की रोज तेथे फिरायला येणारा माणूस? आजचे बहुतेक वाद या प्रश्नापाशी येऊन थांबतात.

३. कायदा केव्हा विचारतो?

महाराष्ट्रात १९७५ मध्ये नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानुसार शहरांत वृक्ष प्राधिकरण असते, आणि तोडीची परवानगी देण्यापूर्वी झाडावर व वर्तमानपत्रात जाहीर सूचना देऊन हरकती मागवाव्या लागतात. पण सूचनेचा हा नियम तोडीसाठी आहे, लागवडीसाठी नाही. लागवड सर्वांच्या हिताचीच असते, असे त्यामागे गृहीत धरलेले दिसते.

शिवाय हरकत नोंदवली म्हणजे ती परिणामकारक ठरतेच असे नाही. मुंबईतील आरेमध्ये मेट्रो कारशेडसाठीच्या वृक्षतोडीला हजारोंनी हरकती आल्या. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर बहुतेक झाडे पडली होती.

४. दिल्लीतील सुनावणी

त्याच वर्षी हा प्रश्न कस्तुरबा गांधी मार्गाच्या परिसरातही उभा राहिला. सेंट्रल व्हिस्टा प्रकल्पासाठी दिल्ली विकास प्राधिकरणाने २१ डिसेंबर २०१९ रोजी जमीनवापर बदलाची जाहीर सूचना काढली. नव्या संसद भवनाची जागा तोवर आराखड्यात उद्यानासाठी राखीव होती. १,२९२ हरकती व सूचना आल्या. ६ व ७ फेब्रुवारी २०२० रोजी सुनावणी झाली आणि २० मार्चला बदल कायम झाला.

सर्वोच्च न्यायालयाने ५ जानेवारी २०२१ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने प्रकल्प वैध ठरवला. कायद्याने सांगितलेली प्रक्रिया पाळली गेली, असे बहुमताचे म्हणणे होते. न्या. संजीव खन्ना यांचे भिन्न मत लोकसहभागाच्या मुद्द्यावर होते. लोकांना मत देता यावे इतकी समजेल अशी आणि पुरेशी माहिती आधी दिली पाहिजे, केवळ जमिनीचा जुना व नवा वापर जाहीर करणे पुरेसे नाही, असे त्यांनी मांडले.

५. लागवडीला नकार : डेट्रॉइट

अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात एक स्वयंसेवी संस्था घरांसमोर मोफत झाडे लावत होती. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २०११ ते २०१४ या काळात सुमारे एक चतुर्थांश पात्र रहिवाशांनी झाड नाकारले. त्यांना झाडांचे वावडे नव्हते. शहराने पूर्वी मोठी झाडे कशी तोडली, हे त्यांच्या आठवणीत होते. कोणती जात लावायची हे त्यांना विचारले नव्हते आणि पाने झाडणे, फांद्या छाटणे मात्र पुढे आपल्याच गळ्यात पडेल, अशी त्यांना धास्ती होती.

समारोप

आज लावलेले जांभळाचे झाड अनेक दशके उभे राहते. सावली कोठे पडेल, फळे कोण वेचेल, खेळायला मैदान किती उरेल, हे लागवडीच्या दिवशीच ठरते. तोडीच्या वेळी विचारले, तर उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच देता येते. लागवडीपूर्वी विचारले, तर कोणते झाड, कोठे आणि कोणाच्या देखरेखीखाली, अशी खरी चर्चा होऊ शकते. म्हणून रहिवाशांचे मत घ्यायचे असेल, तर ते खड्डे खणण्याआधी आणि पूर्ण माहिती देऊन घेतले पाहिजे.

विचारार्थ प्रश्न

१. आज्ञापत्रातील ‘धन्याची संमती’ आणि आजची ‘जाहीर सूचना’ यांत कोणता फरक आहे?
२. उद्यानात रोज येणारा, पण त्या वस्तीत न राहणारा फेरीवाला ‘रहिवासी’ मानावा का?
३. तुमच्या जवळच्या उद्यानातील कोणतीही पाच झाडे निवडा. ती कोणी, केव्हा आणि का लावली, याची माहिती जुन्या रहिवाशांकडून व माळ्यांकडून मिळवा.