सी, डी, ई आणि सरकणारी अक्षरं

सी ड्राइव्हच्या आधीचे ए आणि बी कुठे गेले, हे एव्हाना बहुतेकांना माहीत असतं. ते फ्लॉपीबरोबर गेले. मला त्यापेक्षा जास्त कुतूहल वाटतं ते डी आणि ई चं. ही अक्षरं कोण वाटतं, कुठल्या नियमाने वाटतं, आणि तो नियम असा का झाला? वरवर हा अगदी रुक्ष विषय. पण आमच्या घराण्याला या नियमाची झळ बसलेली आहे, म्हणून तो मी जरा खोलात जाऊन वाचला. जे कळलं ते इथे लिहून ठेवतो.

डिस्कला अक्षराने हाक मारायची पद्धत पीसीच्या आधीची. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर १९६० च्या दशकात सीपी/सीएमएस नावाची प्रणाली होती, तिच्यात वापरणाऱ्याच्या डिस्कला एकेक अक्षर असे. १९७४ मध्ये गॅरी किल्डॉल यांनी इंटेलच्या ८०८० चिपसाठी सीपी/एम लिहिली. तिच्यात पहिला फ्लॉपी ड्राइव्ह ए, दुसरा बी. टिम पॅटरसन यांनी १९८० साली ८६-डॉस लिहिताना सीपी/एमचीच बरीच वळणं उचलली. मायक्रोसॉफ्टने १९८१ मध्ये ८६-डॉस विकत घेतली आणि १२ ऑगस्ट १९८१ ला जाहीर झालेल्या आयबीएम पीसीबरोबर ही अक्षरं जगभर गेली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ए हे नाव फ्लॉपीचं नव्हतं, फ्लॉपी ज्या फटीत सरकवायची त्या फटीचं होतं. सकाळी ए मध्ये हिशेब, दुपारी त्याच ए मध्ये पत्रं. फ्लॉपीची ओळख म्हणजे तिच्यावर पेनाने लिहून चिकटवलेलं लेबल. मशीनला एकच ड्राइव्ह असला तर डॉस त्या एकालाच ए पण म्हणे आणि बी पण म्हणे, आणि "आता बी ची फ्लॉपी घाला" असं बिनदिक्कत सांगे. थोडक्यात, अक्षर म्हणजे नाटकाच्या थिएटरातला खुर्चीचा नंबर. बसणारा माणूस वेगळा.

मग ८ मार्च १९८३ ला आयबीएमचा पीसी एक्सटी आला. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि सोबत पीसी-डॉस २.० होतं. ए आणि बी फ्लॉपीसाठी राखलेले, म्हणून हार्ड डिस्कला सी मिळाला. हार्ड डिस्क काही रोज बदलायची वस्तू नव्हे. ती आत स्क्रूने पक्की बसवलेली. पण अक्षर द्यायची रीत मात्र फटीचीच राहिली, म्हणजे मोजत जायचं आणि पुढचं अक्षर द्यायचं.

याच सुमाराला पार्टिशन आलं. डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, ५१२ बाइटच्या जागेत, ६४ बाइटचा एक तक्ता. त्यात १६ बाइटच्या चार नोंदी. हा तक्ता केला तो एकाच डिस्कवर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम नांदाव्यात म्हणून. डॉसने स्वतःपुरतं एका डिस्कवर एकच पार्टिशन घ्यायचं. त्यामुळे दोन डिस्क असतील तर पहिलीवरचं सी, दुसरीवरचं डी. सरळ हिशेब.

हा हिशेब बिघडला तो डिस्क मोठ्या झाल्यामुळे. डॉस पार्टिशनमधले सेक्टर १६ बिटांच्या आकड्यात मोजत असे. म्हणजे फार तर ६५,५३५ सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइट, एकूण ३२ मेगाबाइट. ४० मेगाबाइटची डिस्क घेतलीत तर वरचे ८ मेगाबाइट डॉसला दिसायचेच नाहीत! यावर १९८७ साली डॉस ३.३ ने उपाय काढला. एक 'एक्स्टेंडेड' पार्टिशन करायचं आणि त्याच्या पोटात आणखी 'लॉजिकल' ड्राइव्ह पाडायचे. मूळच्या मुख्य पार्टिशनला 'प्रायमरी' म्हणायचं.

आता या पोटातल्या ड्राइव्हना अक्षरं कुठली द्यायची? ज्यांच्याकडे आधीपासून दोन डिस्क होत्या त्यांचा डी म्हणजे दुसरी डिस्क. पहिल्या डिस्कच्या लॉजिकल ड्राइव्हला डी दिला असता तर या लोकांचा डी सरकला असता. म्हणून नियम असा झाला: आधी प्रत्येक डिस्कवरचं एक प्रायमरी पार्टिशन, ओळीने. मग पहिल्या डिस्कचे लॉजिकल ड्राइव्ह, मग दुसरीचे. पुढे डॉस ५ पासून उरलेली प्रायमरी पार्टिशनं त्यांच्याही मागे लागली. सीडी ड्राइव्ह आणखी शेवटी. हे सगळं दर वेळी मशीन सुरू होताना नव्याने मोजलं जाई. आदल्या दिवशी कुणाला काय म्हटलं होतं, याची कुठेच नोंद नाही.

जुन्या लोकांचा डी सरकू नये अशी बेतलेली ही रांग. तिने पुढे दुसऱ्याच लोकांचे डी सरकवले.

आपल्याकडे १९९० च्या दशकात जोडणी करून घेतलेले कॉम्प्युटर घरोघर आले तेव्हा एक शहाणपण सगळीकडे सांगितलं जाई: "सी वर विंडोज, तुमचं सामान डी वर." विंडोज बिघडलं की सी फॉरमॅट करायचा, डी सुरक्षित. शहाणपण बरोबरच होतं. पण बघता बघता डी हे अक्षर लोकांच्या मनात नाव होऊन बसलं. डी म्हणजे आपला. डी म्हणजे फोटो, पत्रं, पोरांचे प्रोजेक्ट.

माझ्या एका मामांच्या डी वर आजोबांच्या आठवणी होत्या. आजोबा सांगत आणि मामा रात्री बसून टाइप करत, असं दोन वर्षं चाललं होतं. २००१ साली मामांनी जुन्या मशीनची हार्ड डिस्क नव्या मशीनमध्ये दुसरी म्हणून जोडून घेतली. जोडणाऱ्या मुलाला सांगितलं, "सी, डी ला हात लावू नकोस. जुनी डिस्क ई दिसेल, तेवढी पुसून टाक." मशीन विंडोज ९८ चं, म्हणजे पोटात डॉसचाच नियम. जुन्या डिस्कवर प्रायमरी पार्टिशन होतं, त्यामुळे रांगेत ती पुढे गेली आणि डी झाली. मामांचा डी लॉजिकल, तो मागे सरकून ई झाला. मुलाने सांगितल्याप्रमाणे ई पुसला.

दोघांनीही अक्षर तंतोतंत पाळलं होतं. आजोबा त्याच्या आदल्या वर्षी गेले होते. चार प्रकरणांची प्रिंट मावशीने वाचायला नेली होती, तेवढीच राहिली.

यात हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे या दुखण्यावरचं औषध तेव्हा निघालेलं होतं. १९९३ च्या विंडोज एनटीमध्ये अक्षर पक्कं करून ठेवता येई. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० ने तर रीतच बदलली. डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये ४ बाइटचा एक ओळख-क्रमांक असतो. तो क्रमांक आणि पार्टिशन डिस्कवर कुठे सुरू होतं तो आकडा, या जोडीपुढे अक्षर लिहून ठेवायचं. पुन्हा तीच जोडी दिसली की तेच अक्षर द्यायचं. नवी डिस्क आली तर तिने रिकामं अक्षर घ्यावं, जुन्यांना उठवू नये. २००१ च्या अखेरीस विंडोज एक्सपी आलं आणि ही रीत घरगुती मशीनवर पोचली.

आपल्या घरांत हे फार आधीपासून ठाऊक आहे. सर्वांत धाकट्या काकांचं लग्न होईपर्यंत जी 'धाकटी काकू' असते, ती नवी सून आल्यावर खरं तर मधली होते. पण पोरं तिला धाकटी काकूच म्हणतात. नाव मुळात जागेवरून पडलेलं असलं तरी नंतर ते माणसाला चिकटतं. डॉसला मात्र काकू रोज सकाळी नव्याने मोजायच्या होत्या!

युनिक्सवाल्यांना हे वाचून हसू येईल, कारण तिथे अक्षरांची भानगडच नाही. सगळ्या डिस्क एकाच झाडाच्या फांद्या. पण हसण्याआधी आठवा, लिनक्समध्येही पहिल्या डिस्कला एसडीए, दुसरीला एसडीबी म्हणतात आणि ती अक्षरंही सापडण्याच्या क्रमाने पडतात. एक डिस्क वाढली की तीही सरकू शकतात. म्हणून तिथेही शेवटी डिस्कवर लिहिलेल्या लांबलचक यूयूआयडीने ओळखायची पद्धत रुळली. दोन्हीकडचे लोक वेगवेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आले. ओळख वस्तूच्या अंगावर लिहा, तिच्या जागेवर नको.

आज नव्या लॅपटॉपवर बहुधा एकटा सी असतो, आणि फ्लॉपी नसली तरी विंडोज अजून सी पासूनच मोजतं. पण बाहेरून लावायच्या डिस्क आणि पेनड्राइव्ह घराघरांत आहेत, आणि माझा ई तुमच्या मशीनवर एफ असू शकतो. म्हणून नातेवाईक मंडळींना एक विनंती. डिस्कवर उजवं बटण दाबून 'रिनेम' करा आणि तिला स्वतःचं नाव द्या: 'लग्नाचे फोटो', 'बाबांची कागदपत्रं', काहीही. हे नाव डिस्कवरच लिहिलं जातं, तिच्याबरोबर फिरतं. आणि कुणाला काही पुसायला सांगाल तेव्हा त्या नावाने सांगा, अक्षराने नको.