पानिपतचा साक्षीदार आणि एक हरवलेले अक्षर

१/ १४ जानेवारी १७६१. पानिपतच्या रणभूमीवर शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशिराज पंडित उपस्थित होता. पुढे त्याने या युद्धाचा वृत्तान्त फारसीत लिहिला. पदवीला असताना मी तो ऑनलाइन ग्रंथालयांत शोधला. हाती शून्य आले. हा धागा त्या शून्याविषयी आहे. 🧵

२/ वृत्तान्त हरवलेला नव्हताच. जेम्स ब्राउनने केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकातच ‘एशियाटिक रिसर्चेस’ या कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संशोधनपत्रिकेत, तिसऱ्या खंडात, प्रसिद्ध झाले होते. आज तो खंड इंटरनेट अर्काइव्हवर विनामूल्य वाचता येतो.

३/ मग अडले कुठे? स्पेलिंगमध्ये. तेथे ‘पानिपत’मधील शेवटच्या ‘ए’च्या जागी ‘यू’ आहे आणि ‘काशी’चा आरंभ ‘के’ने नव्हे, ‘सी’ने होतो. ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथाच्या शीर्षकातही ‘मराठा’ शब्दात ‘आर’च्या आधी ‘एच’ येतो आणि ‘टी’ दोनदा. शोधयंत्र अक्षरे जुळवते. इतिहास जाणत नाही.

४/ म्हणून शोधापूर्वी प्रत्येक नावाची जुनी-नवी रूपे वहीत लिहून घ्यावीत. अठराव्या शतकातील इंग्रजी छपाईतला लांब ‘एस’ संगणकास पुष्कळदा ‘एफ’ भासतो, हेही ध्यानी असावे. शब्द सापडेना, तर खंडाची अनुक्रमणिका उघडून स्वतः चाळावी.

५/ दुसरी वाट तळटीपांची. विषयावरील एखादा अलीकडचा लेख मिळवावा व त्याच्या तळटीपांतून मागे मागे जावे. ज्या लेखापर्यंत आपला शोधशब्द पोहोचत नाही, तेथे पूर्वसूरींची तळटीप पोहोचवते.

६/ लेख सापडला, पण कुलूपबंद आहे? जेस्टोरने २०११ मध्ये अमेरिकेतील १९२३ पूर्वीचे व अन्य देशांतील १८७० पूर्वीचे आपल्या संग्रहातील लेख सर्वांस खुले केले. नंतरच्या अनेक लेखांसाठी तेथे विनामूल्य वैयक्तिक खाते उघडता येते. शासकीय महाविद्यालयात असाल, तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’विषयी ग्रंथपालांना अवश्य विचारा, नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत सुमारे १३,००० नियतकालिके आहेत.

७/ मात्र सापडणे म्हणजे सिद्ध होणे नव्हे. काशिराज प्रत्यक्षदर्शी खरा, पण तो अब्दालीच्या मित्रपक्षाच्या गोटात होता, आणि आपल्या हाती येते ते भाषांतर. त्याची साक्ष मराठी पत्रांशी ताडूनच घ्यावी लागते.

८/ ‘यावर कोणी लिहिलेच नाही’, ‘हा इतिहास दडपला गेला’ अशी विधाने आपण रोज वाचतो. त्यांतील काहींच्या मुळाशी दडपशाही नसते. चुकलेले एक अक्षर असते. त्या रात्री असेच एक विधान मीही लिहून ठेवले होते. ते प्रसिद्ध केले नाही, एवढेच समाधान.